सशांच्या कोठ्याला कुलूप

कापशीने गळ्याखालचे केस उपटायला घेतले तेव्हा दुर्गा तांदूळ निवडत बसली होती. सूप तसंच टाकून ती कोठ्यात धावली. विण्याची वेळ आली की सशाची मादी स्वतःच्याच छातीचे केस दातांनी उपटते आणि पिल्लांसाठी गादी करते, हे तिला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. दोनदा तिने ते डोळ्यांनी पाहिलंही होतं. दोन्ही वेळा गादी छान झाली, पण पिल्लं आठ दिवस टिकली नाहीत. डिसेंबरात सहा गेली, ती थंडीने गेली असं ठरलं. फेब्रुवारीत सात गेली, त्याचं खापर मुंग्यांवर फुटलं. दुर्गाने पिंजऱ्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्यांना शिव्या घातल्या आणि पिंजरा नवऱ्याने, अंकुशने ठोकला होता म्हणून त्यालाही घातल्या.

आता मार्च संपत आला होता आणि ही तिसरी वेळ होती. ससे देणाऱ्या संस्थेच्या मॅडम मागच्या खेपेला स्पष्ट बोलून गेल्या होत्या. एप्रिल संपायच्या आत महिन्याभराची जिवंत पिल्लं दाखवा, नाहीतर ससे, पिंजरे आणि वरचे टिनपत्रे यादीतल्या पुढच्या बाईला जातील. पुढची बाई म्हणजे शेजारची रुखमाबाई. ती रोज सकाळ-संध्याकाळ कुडावरून मान उंच करून विचारायची, "कशी हाये वो तुई कापशी?" विचारणं मायेचं असायचं, पण नजर पत्र्यांवर असायची.

कुकडटोल्यातल्या त्या घरात शेत मेलेल्या सासऱ्याच्या नावावर होतं, रेशन कार्ड सासूच्या नावावर आणि टीव्ही अंकुशच्या नावावर. दुर्गाच्या नावाचं एकच होतं, भद्रावतीच्या पाच दिवसांच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. ते तिने फ्रेम करून देवांच्या शेजारी टांगलं होतं. तिथे तिला पाच दिवस आयता चहा मिळाला होता आणि मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, दुर्गाताई, तुम्ही सांगा. बारा वर्षांच्या संसारात तिला असं कुणी काही विचारलं नव्हतं. ससे गेले तर ती पुन्हा सकाळी मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत भाताचा रोवणा करणारी बाई उरणार होती.

कापशी पहाटे व्याली. लाकडी खोक्यात, पांढऱ्या केसांखाली, सहा पिल्लं. डोळे मिटलेले, अंगावर लव नाही, कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध बाहेरून दिसावं. दुर्गाने मोजली, केस पुन्हा वरून पसरले आणि टोपलं घेऊन जंगलाकडे निघाली. मोहाचा हंगाम कुणाच्या बाळंतपणासाठी थांबत नाही.

घरी राहिली ती सासू, सुगंधाबाई.

सुगंधाबाई सुईण होती. होती म्हणायचं, कारण आता तिला कुणी बोलवत नव्हतं. गावातली चाळिशीच्या आतली बहुतेक माणसं तिच्या हातांवर जन्मली होती. मग आशाताई आल्या, फोन केला की गाडी दारात यायला लागली आणि बाया वडश्याच्या दवाखान्यात जाऊ लागल्या. ते बरंच झालं, असं ती स्वतःही चारचौघांत म्हणायची. पण सात वर्षांपूर्वी दुर्गाच्या पोटात दुखू लागलं तेव्हा सुगंधाबाईने पाणी तापवायला ठेवलं आणि पाणी उकळायच्या आत सून गाडीत बसून निघून गेली. मयुरी दवाखान्यात झाली. घरची बाळंतीण, आणि सुईण चुलीपाशी पाण्याकडे पाहत बसलेली. ही गोष्ट ती कधी बोलली नाही आणि कधी विसरलीही नाही.

दुसऱ्या दिवशी दुर्गा जंगलातून आली तशी सासूने तोंड सोडलं.

"पाह्यली का वो ही माय? सकाळपासून पोरायपाशी फिरकली नाई."

"आत्याबाई, सशाची मादी दिवसातून एकदाच पाजते. पहाटे. दोन-तीन मिनिटं, बस. सांगितलं ना तुमाले."

"एकदा? माय हाये का वडश्याची यष्टी?"

मयुरी फिदीफिदी हसली. दुर्गालाही हसू आलं असतं, पण तिच्या मानेत टोपल्याचं ओझं होतं.

"पोटचं लेकरू टाकून कोपऱ्यात पाला खात बसते," सुगंधाबाई म्हणाली. "गाय नाई चाटत का वासराले? शेळी नाई हुंगत? अशी माय मी उभ्या जन्मात पाह्यली नाई."

"नसन पाह्यली. तरी तुमी हात नोका लावू. पाया पडतो तुमच्या."

"मी काऊन लावू हात? तू शिकली-सवरली, तुई तू पाहा."

चौथ्या दिवशी दुर्गा नऊ वाजता परतली. आंगणातच तिच्या नाकात ओव्याचा धूर शिरला. ओव्याचा धूर घरात बाळंतीण असली तरच निघतो. डोक्यावरचं टोपलं तिने उतरवलं नाही, टाकलंच. मोहफुलं आंगणभर झाली. कोठ्यात पिंजऱ्याखाली खापर होतं, खापरात विझत आलेले निखारे आणि वर ओव्याची काळी राख. कापशी पिंजऱ्याच्या जाळीला अंग घासत इकडून तिकडे उड्या मारत होती आणि तिच्या तोंडाला रक्त होतं. खोक्यात चारच पिल्लं होती. पाचव्याचे मागचे पाय तेवढे होते.

उरलेली चारही पिल्लं तेलाने चकाकत होती.

सुगंधाबाई दाराशी उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत मोहाच्या बियांच्या तेलाने माखले होते.

"शेक देला," ती पुटपुटली. "आंग गार पडलं होतं लेकरायचं. माय पाहतबी नव्हती. आन मंग... मी पाह्यतच राह्यली, तिनं खाल्लं वो! आपलं पिल्लू खाल्लं!"

"धुरानं खाल्लं! तेलाच्या वासानं खाल्लं! तिले आपलं पोरगं वळखू नाई आलं!" दुर्गाचा आवाज फाटला. मग एकदम खाली आला. "पयलेच्या वक्ती बी शेक देला होता?"

सुगंधाबाईने पदराला हात पुसले.

"थंडी होती तवा."

"आन फेब्रुवारीत?"

"तवा निसतं तेल लावलं. कातडी सुकली होती त्यायची."

"तेरा पिल्लं, आत्याबाई! तेरा! आन मी मुंग्यायले शिव्या देऊन राह्यली होती."

"मी मारलं का त्यायले?" म्हातारीचा आवाजही चढला. "मी जगवून राह्यली होती. याच हातानं गाव जगवलं मी!"

ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच दुर्गाला जास्त चीड आली. दुष्ट माणसाशी भांडता येतं. चांगल्या मनाने घात करणाऱ्याचं काय करायचं? तिने वडश्याला अंकुशला फोन लावला. तो राइस मिलमध्ये पोती वाहायचा आणि शनिवारी घरी यायचा. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "दोघीचं तुमचं तुमी पाहा ना. इथी ट्रक उभा हाये." दुर्गाने फोन कापला. खोक्यातले तेलकट केस तिने काढून टाकले, पिल्लं कोरड्या फडक्याने टिपली आणि कापशीच्याच पिंजऱ्यातल्या गवतात हळूच घोळवली. मग धान्याच्या पेटीचं कुलूप काढून आणलं आणि कोठ्याच्या दाराला लावलं. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं.

"हे पाहा, आत्याबाई," ती किल्ली पदराच्या गाठीत बांधत म्हणाली. "या कुलपाले हात लावाल, नाईतर कोनाले लावाले सांगाल, तं मयुरीची आन हाये तुमाले."

दुर्गाच्या तोंडात आन, म्हणजे शपथ, रोजचीच. अंकुशने तंबाखूचा खर्रा सोडावा म्हणून तिने त्यालाही मयुरीची आन घातली होती. त्याने ती तीनदा मोडली आणि मयुरीला साधी सर्दीही झाली नाही. पण सुगंधाबाईने जन्मात कुणाची आन मोडली नव्हती. ती कुलपाकडे पाहत राहिली, मग मागे सरकली आणि आंगणात सांडलेली मोहफुलं एकेक करून वेचू लागली.

संध्याकाळी रुखमाबाईची मान कुडावर आली.

"कुलूप? सशाले कुलूप काऊन वो?"

दुर्गा तोंड उघडणार तोच सुगंधाबाई बोलली. "बिबट फिरून राह्यला ना. मीच लावाले सांगितलं."

दुर्गाने सासूकडे पाहिलं. सासूने तिच्याकडे पाहिलं नाही. सुनेने आपल्याच घरात कुलूप लावलं, हे शेजारणीला कसं सांगणार? त्या रात्री म्हातारी अर्ध्या ताटावरून उठली. दुर्गाने वाढू का म्हणून विचारलं नाही, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही. तेरा आणि दोन, पंधरा पिल्लं तिच्या डोळ्यांसमोर होती.

पुढचे दिवस मात्र बरे गेले. कापशी निवळली. दुर्गा पहाटे निघण्याआधी खोकं आत ठेवायची, कापशी त्यात उडी मारायची, दोन मिनिटं बसायची आणि बाहेर. पिल्लांची पोटं टम्म व्हायची. नवव्या दिवशी अंगावर मऊ पांढरी लव आली. दुर्गा परत आली की ओले बारदाने जाळीवर टाकायची, पत्र्यांवर दोन बादल्या पाणी मारायची, कारण ऊन आता नऊ वाजताच चटके देऊ लागलं होतं. सुगंधाबाई कोठ्याच्या बाजूला फिरकायचीच नाही. मयुरीला मात्र हळूच विचारायची, "डोळे उघडले का वो त्यायनं?"

दहाव्या दिवशी जंगलात वाघ बसला.

बाया मोहाखाली पसरल्या होत्या आणि नाल्याच्या पलीकडून त्याने डरकाळी फोडली. सगळ्या टोपली टाकून रस्त्यावर धावल्या. फॉरेस्टचा गार्ड मोटरसायकलवर आला आणि त्याने सगळ्यांना नाक्याच्या खोलीत बसवलं. वाघ गावाच्या वाटेवर आहे, साहेबांची गाडी आल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

"माह्या घरी ससे हायेत, भाऊ," दुर्गा म्हणाली.

गार्ड तिच्याकडे पाहतच राहिला. "ससे?"

"पाळीव. ट्रेनिंगवाले. कोठ्याले कुलूप हाये, किल्ली माह्यापाशी हाये."

"बाई, बाहेर वाघ हाये आन तू सशाचं सांगून राह्यली?"

बाया हसल्या. दुर्गाने फोन काढला. त्या नाक्यावर फोनला कधीच रेंज नसते, हे ठाऊक असून तिने तो चार वेळा कानाला लावला. नऊ वाजले. दहा वाजले. पत्र्याची खोली तापू लागली आणि दुर्गाच्या डोक्यात दुसरी पत्र्याची खोली तापू लागली. ती दोनदा उठून दाराशी गेली, गार्डने दोनदा परत बसवलं. अकरा. बारा. गाडी एक वाजता आली. पुढे गाडी, मागे बायांची रांग, असं करत गावाच्या सीमेवर पोचायला दीड वाजला. तिथून ती पळत सुटली.

आंगणात चिखल होता. दहा दिवसांत थेंब पडला नव्हता आणि आंगणात घोटाभर चिखल. कोठ्याला शिडी लावलेली होती आणि शिडीवर सुगंधाबाई उभी होती. लुगडं चिंब, केस सुटलेले. मयुरी खालून पाण्याचा गुंड वर देत होती आणि म्हातारी तो पत्र्यांवर ओतत होती. पाणी पडताच पत्र्यावरून वाफ निघत होती. रुखमाबाई कुडाला टेकून उभी होती आणि तिच्या हातात लोखंडी सब्बल होती.

"मी दहा वाजताच सब्बल आनली," रुखमाबाई ओरडली. "एका दणक्यात तुटलं असतं! ही बुढी दारासमोर आडवी झाली. म्हने, आन हाये. अशी कशी आन वो तुमची?"

दुर्गाला गाठ सुटेना. घामाने पदर आवळला होता. तिने दातांनी गाठ ओढली, किल्ली काढली. कुलूप हाताला भाजलं.

आत भट्टी होती. बारदाने वाळून कडक झाले होते. खालच्या पिंजऱ्यातला नर मातीच्या भिंतीला चिकटून धापा टाकत होता. कापशी जाळीवर लांब पसरली होती, मान मागे गेलेली, तोंडाभोवती फेस. दुर्गाने तिला उचललं तेव्हा ती नुसती लोंबली. दुर्गाने तिला हलवलं, फुंकर मारली, पाणी लावलं. मग खाली ठेवलं.

खोकं भिंतीकडच्या कोपऱ्यात होतं. पत्र्याच्या खिळ्याच्या भोकातून गळलेल्या पाण्याने त्याची एक बाजू ओली झाली होती. दुर्गा ते बाहेर पळसाच्या सावलीत घेऊन आली. केस बाजूला सारले. दोन पिल्लं ताठ झाली होती. दोन हलत होती, पण हलणं म्हणजे पोटाची उघडझाप एवढंच.

सुगंधाबाई शिडीवरून उतरली आणि चार हात लांब उभी राहिली.

"ओलं फडकं लाव. डोक्याले नोको, पोटाले," ती म्हणाली.

दुर्गाने फडकं लावलं.

"दाबू नोको! निसतं टेकव. मान खाली चालली त्याची, मान धर. अशी नाई वो, बोटानं, बोटानं!"

दुर्गाची बोटं मोहफुलांनी चिकट झाली होती. पिल्लू तिच्या तळव्यावरून घसरलं आणि तिने ते कसंबसं धरलं.

"या ना मंग इथी!" ती किंचाळली. "उभ्या काऊन हाये तिथी? घ्या ना हातात!"

"आन हाये."

"कुलपाची होती ती! कुलूप उघडलं ना आता!"

"कुलूप कायच्यासाठी होतं? माह्या हातासाठीच होतं ना?"

"आन-बिन काई नाई, आत्याबाई! मी रागात बोलली. उगाच बोलली!"

सुगंधाबाई आता रडू लागली. सकाळपासून ती रडली नव्हती.

"लेकीची आन कोनी उगाच घालते काय वो?" ती म्हणाली. "मी इथी सकाळपासून मरून राह्यली. आतून त्यायचे पाय आपटाचे आवाज येत होते. रुखमी सब्बल घेऊन उभी, आन माह्याजवळ ही पोर उभी. मी कोनाले वाचवू, सांग ना!"

रुखमाबाईने सब्बल हळूच खाली ठेवली.

"मंग कशी निघते ती?" शेवटी दुर्गाने विचारलं.

"जिनं घातली तिनंच काढावं लागते. पोरीच्या डोक्यावर हात ठेव. तीनदा म्हन."

मयुरी पुढे आली. तिचे केस ओले होते आणि गुंड धरून धरून तळहात लाल झाले होते. दुर्गाने एका हातात पिल्लू धरलं आणि दुसरा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला. "आन काढली," ती म्हणाली. "आन काढली." तिसऱ्यांदा आवाजच निघेना. मयुरीने वर पाहिलं आणि म्हणाली, "म्हन ना, आई." तेव्हा ती कसंबसं म्हणाली.

सुगंधाबाईने हात पुढे केले. ते हात पाहून दुर्गा चरकली. तापलेल्या पत्र्याने दोन्ही तळव्यांना फोड आले होते, एक फुटला होता. त्या हातांत तिने पिल्लू घेतलं, उलटं केलं, बोटाने पाठ चोळली, तोंडाशी फुंकर घातली. मग दुसरं. दोन्ही तिने पोटाशी ओल्या लुगड्यात धरली. हळूहळू एकाने पाय झाडला. बऱ्याच वेळाने दुसऱ्यानेही झाडला.

"शेळीचं दूध आनतो," दुर्गा उठली. "वात करून पाजा त्यायले."

"थांब." सुगंधाबाईने एका पिल्लाच्या पोटावर अंगठा फिरवला. पोट अजून गोल होतं आणि विरळ लवेखालच्या कातडीतून दूध पांढरं दिसत होतं. ती ते कितीतरी वेळ पाहत राहिली. "भरलेलं हाये. सकाळी पाजलं तिनं यायले."

"मंग? मी काय म्हनत होती?"

"एकदाच?"

"एकदाच."

रुखमाबाईने कापशीला फडक्यात गुंडाळून पळसाखाली आणून ठेवलं होतं, तिकडे म्हातारीने एकदा पाहिलं. दुर्गाला वाटलं होतं, आपलं खरं ठरेल त्या दिवशी आपण चांगलं ठणकावून सांगू. आता सांगायला काही उरलं नव्हतं आणि राग होता तो तिच्या छातीत तसाच अडकून होता, सासूवर टाकता येईना आणि गिळताही येईना.

"आजचं झालं," सुगंधाबाई म्हणाली. "उद्या सकाळी किती पाजाचं, सांग. गाईचं का शेळीचं? पानी टाकाचं का? तुले शिकवलं असन ना तिथी."

बारा वर्षांत सासूने तिला पहिल्यांदा काही विचारलं होतं. दुर्गाने पाचही दिवस आठवून पाहिले. खुराक, लसूणघास, खरूज, पिंजऱ्याची मापं, नर कधी सोडायचा, मादी कधी वेगळी करायची, सगळं वहीत होतं.

"नाई शिकवलं," ती म्हणाली. "माय मेली तं पिल्लं जगत नाई, टाकून द्या, एवढंच सांगितलं होतं."

सुगंधाबाईने पिल्लं लुगड्यात आणखी आत सरकवली आणि मयुरीला ओवा नको, नुसता वातीपुरता कापूस आणायला सांगितलं.